नॅनोकण गाठीपर्यंत पोचतात किती?

केळशी (ता. दापोली) : कर्करोगाचे निदान झाले, की कोकणातील गावांत पहिले नाव निघते ते परळच्या टाटा रुग्णालयाचे. मग मुंबईच्या खेपा, नातेवाइकांकडचा मुक्काम आणि केमोथेरपीने खंगत जाणारा रुग्ण. अशा घरात 'नॅनोकण थेट गाठीवर मारा करणार' ही बातमी वाचली गेली, तर आशा पालवणे स्वाभाविक आहे. त्यातील 'थेट' या शब्दाची मात्र तपासणी व्हायला हवी.

या कल्पनेचे मूळ 1986 मधील आहे. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने मोठे कण तेथे झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने साचून राहतात, असे जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी दाखविले. मेदाच्या सूक्ष्म वेष्टनातील डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या सन फार्माने बनविलेले असेच औषध 2012 च्या टंचाईत अमेरिकेने आयात केले. त्याचा मोठा लाभ म्हणजे हृदयावरील दुष्परिणाम घटला. तो लहान नव्हे. पण बातम्यांतील चमत्कारही नव्हे.

टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने 2016 मध्ये दहा वर्षांचे संशोधन एकत्र करून पाहिले. दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारे नॅनोकण मध्यक मूल्यानुसार अवघे 0.7 टक्के! उर्वरित कणांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा गिळंकृत करतात. हा आकडा प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांचा आहे आणि साधे औषधही गाठीत फारसे शिरत नाही, हे खरे. तथापि 2020 मध्ये त्याच गटाने 'गळक्या वाहिन्यां'च्या गृहीतकालाच धक्का दिला. बहुतेक कण फटींतून नव्हे, तर वाहिनीच्या अस्तरातील पेशींमधून आत नेले जातात, असे त्यांना उंदरांत आढळले.

म्हणूनच आता लक्ष गाठीच्या परिसराकडे वळले आहे. गाठ म्हणजे केवळ कर्कपेशी नव्हेत. भोवती तंतूंचे दाट जाळे, आतला वाढलेला दाब, प्राणवायूची चणचण, आम्लता आणि फितूर झालेल्या प्रतिकारपेशी असतात. आम्लतेत उघडणारे किंवा या पेशींना पुन्हा कामाला लावणारे कण तयार होत आहेत. बहुतेक अद्याप प्रयोगशाळेतच.

नॅनोकण नसलेला, पण याच परिसरावर रोख असलेला एक प्रयत्न टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेतला. मरणाऱ्या कर्कपेशींतून सुटणारे क्रोमॅटिनचे कण रेझव्हेराट्रॉल आणि तांब्याच्या मिश्रणाने निष्प्रभ करण्याची ही कल्पना. फेब्रुवारी 2024 मध्ये ती '100 रुपयांची गोळी' म्हणून गाजली. चाचण्या मात्र मोजक्या रुग्णांवरच्या होत्या. ती आहे त्या उपचारांची जागा घेणारी गोळी नव्हे.

औषध माणसांवर तपासले का आणि त्याने आयुष्य वाढले की केवळ त्रास घटला, हे दोन प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावेत. 'उंदरांवर' हा शब्द अशा बातम्यांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात सापडतो.