वाडा, छत्र आणि पाहुणा

गेल्या डिसेंबरात तंजावरमधील सरकारी काम शुक्रवारी संपले आणि पुढे शनिवार-रविवार मोकळा मिळाला. पत्नी चेन्नईहून येऊन मिळाली आणि आम्ही दोन दिवस कुंभकोणम्‌जवळच्या एका जुन्या घरात स्वतःच्या खर्चाने राहिलो. हे घर आता आलिशान हॉटेल झाले आहे. ‘स्वतःच्या खर्चाने’ हे शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या पदाला अनुज्ञेय असलेल्या निवासभत्त्यात ते बसले नसते. साडेसात हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. बिलाच्या तळाशी तो आकडा पाहिला तेव्हा आयुष्यभर ज्या बाजूला बसलो तिच्या समोरच्या बाजूला बसण्याचा अनुभवही मिळाला. असो.

घर सुंदर होते. मराठी माणसाला ते परके वाटू नये असेच होते. तमिळ घरातील तिण्णै म्हणजे आपली ओटी, मुट्रम् म्हणजे चौक, कूडम् म्हणजे माजघर आणि कोल्लै म्हणजे परसू. घर ज्याचे होते त्याला तिथे मिरासदार म्हणत. देशावरच्या वतनी शेतकऱ्याला आणि कावेरीकाठच्या भातशेतीच्या मालकाला एकच नाव असावे, याचे पहिल्यांदा आश्चर्य वाटते. पण या प्रदेशावर व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षे, भोसल्यांची गादी होती. शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणम्‌जवळचे तिरुविशनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणम्‌ला जन्मले. घर सोडून दूर गेलेल्या मराठी माणसांचा हा आपल्या आधीचा इतिहास आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना तो जवळचा वाटेल.

खोलीत एक छापील पत्रक ठेवले होते. घराण्याचे वैभव, सागवानी खांब, बर्मा, चांदीची भांडी, पाहुणचाराची परंपरा असे सर्व काही त्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात एक वयस्कर माळी झाडांना पाणी घालत होते. चेन्नईतील चार वर्षांच्या नेमणुकीत कमावलेली तमिळची पुंजी खर्च करत मी त्यांच्याशी बोललो. ते त्याच गावचे. त्यांचे आजोबा या घराचे पण्णैयाळ, म्हणजे पिढीजात शेतमजूर होते. मजुरीचे धान्य मोजून घ्यायला ते मागच्या अंगणात उभे राहत. पुढच्या दाराने येण्याची त्यांना मुभा नव्हती. “आणि तुम्ही?” मी विचारले. “मी पुढूनच येतो,” ते म्हणाले, “गणवेश असतो ना.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. महिन्याचा पगार वेळेवर मिळतो, असेही त्यांनी आवर्जून सांगितले. पण त्या छापील पत्रकात त्यांच्या आजोबांसाठी एक ओळही नव्हती, हे मला परतीच्या प्रवासात विसरता आले नाही. या लेखाचे निमित्त तेच.

प्रथम दुसरी बाजू न्यायाने मांडली पाहिजे. जुने घर हॉटेल झाले की ‘संस्कृतीचा बाजार मांडला’ अशी टीका आपल्याकडे लगेच होते. टीका करणाऱ्यांनी ते घर हॉटेल झाले नसते तर त्याचे काय झाले असते, हेही पाहावे. कुंभकोणम्‌मधील एका तंजावरी मराठी कुटुंबाला मी ओळखतो. त्यांच्या वडिलोपार्जित घराचे अकरा वारस होते. कुणी बंगळुरूला, कुणी न्यू जर्सीला. तुळई कुजली तेव्हा दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर सहा वर्षे पत्रव्यवहार चालला. अखेर खांब आणि दरवाजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने नेले आणि जागेवर कल्याणमंडपम् उभे राहिले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अशा मालमत्तेत नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, आणि दुरुस्तीची जबाबदारी कुणावरच नसते. वारसाहक्कात मुलींना समान वाटा देणारी दुरुस्ती तमिळनाडूने १९८९ मध्ये, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केली. ती न्याय्यच होती. पण सह्या करणारे हात त्यामुळे वाढले, हेही खरे. विखुरलेल्या वारसांच्या सह्या गोळा करण्याची चिकाटी हॉटेलवाल्याकडे असते, कारण त्याला त्यातून उत्पन्न दिसते.

दुसरे कारण जमिनीचे. ही घरे भाताच्या वरकड उत्पन्नावर उभी होती. तमिळनाडूच्या १९६१ च्या कायद्याने जमीनधारणेची कमाल मर्यादा ३० प्रमाण एकर ठरली आणि १९७० मध्ये ती १५ वर आली. जमीन गेल्यावर, किंवा कागदोपत्री वाटली गेल्यावर, वीस खोल्यांचे घर पोसणार कोण? इंग्लंडमधील सरदार घराण्यांच्या वाड्यांची कथा वेगळी नाही. तिथे १८९४ पासूनच्या वारसा करांनी आणि शेतीच्या मंदीने शेकडो वाडे पाडले गेले. आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाल्यावर राजस्थानातील राजवाड्यांनी हॉटेलचा रस्ता मोठ्या प्रमाणावर धरला. वापर संपला की वास्तू संपते. स्वामीमलैजवळ तिम्मकुडी येथे १८९६ च्या घराभोवती उभे राहिलेले इंडेको हॉटेल किंवा चेट्टिनाडमधील कानाडुकात्तान येथील वाडे आज पाहायला मिळतात, ते कुणीतरी तिथे रात्रीचे भाडे भरते म्हणून. वेप्पत्तूरच्या मंत्र कूडम्‌सारखे निवास तर जुन्या गावघरांच्या धर्तीवर नव्याने बांधले गेले. जुन्या घराला बाजारात मोल आहे, हे यातून सिद्धच होते.

तेव्हा घराचे हॉटेल होण्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. भिंती वाचवताना आठवण निवडून वाचवली जाते, आणि या निवडीत शासन नकळत भागीदार होते.

कावेरीच्या खोऱ्यातील मिरासदारीची आठवण केवळ वैभवाची नाही. १९५२ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाला तंजावर जिल्ह्यापुरता कुळांचा आणि पण्णैयाळांचा संरक्षण कायदा करावा लागला, इतकी तिथली परिस्थिती स्फोटक होती. २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हाच्या तंजावर आणि आजच्या नागपट्टिणम् जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात, मजुरीच्या वादातून ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्यानंतर पूर्व तंजावरसाठी शेतमजुरांच्या किमान वेतनाचा कायदा १९६९ मध्ये झाला. प्रत्येक मिरासदार क्रूर होता असे मुळीच नाही. शाळा काढणारे आणि दुष्काळात कोठारे उघडणारेही त्यांच्यात होते. पण वाड्याचा इतिहास सांगताना कोठारात धान्य कुणी आणून टाकले हे सांगायचेच नाही, तर ते अर्धेच सांगणे झाले.

शासन यात भागीदार कसे, ते पाहू. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात १९५० पूर्वीच्या वाड्यांना, किल्ल्यांना आणि निवासांना ‘हेरिटेज’ हॉटेलचा दर्जा मिळू शकतो. अधिक जुन्या वास्तूंसाठी वरच्या श्रेणी आहेत. राजस्थानसारख्या राज्यांनी अशा हॉटेलांना शुल्कांत आणि करांत सवलती दिल्या आहेत. या निकषांचा भर दर्शनी भाग, खोल्यांची संख्या, सोयी आणि खाद्यपदार्थ यांवर असतो. सवलत म्हणजे न गोळा केलेला महसूल, अर्थात सर्वांचा पैसा. तो खर्च करताना सर्वांना काय परत मिळाले, हे विचारणे प्रशासनाचे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वास्तूला वारसा करातून सूट मिळते ती सशर्त असते. वास्तूची निगा राखावी लागते आणि लोकांना ती पाहू द्यावी लागते. ही अट मोडली तर कर वसूल होतो. आपला संपदा शुल्क कायदा १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये तो कर रद्द झाला, त्यामुळे ते साधन आपल्या हाती नाही. पण सवलत आपल्याच हाती आहे, तर अटही आपल्याच हाती असायला हवी.

येथे मला तंजावरच्या मराठी राजवटीचीच एक गोष्ट आठवते. या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. छत्र म्हणजे वाटसरूसाठी निवास आणि अन्न, आणि त्यासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले. सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबाळ छत्र त्यांत प्रसिद्ध आहे. तिथे मुलांची शाळाही होती. छत्रांचे उत्पन्न कंपनी सरकार काढून घेईल या भीतीने राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहिले. ब्राह्मणांपासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत सर्व प्रवाशांना छत्रात अन्न मिळते, आजारी पडलेल्याची शुश्रूषा होते, असा त्या पत्राचा आशय होता. त्या व्यवस्थेतही पंगती वेगळ्याच असणार. तो काळच तसा होता. पण राज्याने वाटसरूसाठी काहीतरी करायचे असते, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. १८५५ नंतर छत्रांचा कारभार सरकारी यंत्रणेकडे आला. आणि गंमत अशी, की खासगी मिरासदाराचे घर झळाळून उठत असताना, खास पाहुण्यांसाठीच बांधलेल्या या सार्वजनिक वास्तूंपैकी कित्येक आमच्या खात्यांच्या फायलींत आणि वडाच्या मुळांत अडकून पडल्या.

स्पेनने १९२८ पासून सरकारी मालकीची निवासगृहे चालवली आहेत. जुने किल्ले आणि मठ त्यांनी स्वतःच दुरुस्त केले. आज ती संख्या नव्वदहून अधिक आहे, आणि तिथे न राहताही अंगणात बसून कॉफी घेता येते. आपल्याकडे मात्र सरकारी वास्तूबाबत दोनच पर्याय सुचतात. एकतर कुलूप, नाहीतर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील २५ किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी देण्याच्या बातमीवर उसळलेला संताप वाचकांना आठवत असेल. छत्रपतींशी निगडित किल्ले त्यात नाहीत, असा खुलासा शासनाला करावा लागला. मला तो संताप अनाठायी वाटला नाही. मिरासदाराचे घर मुळात खासगीच होते, ते हॉटेल झाल्याने कुणाचे काही हिरावले जात नाही. किल्ला मात्र सर्वांचा असतो, तिथे दारावर दर लावला की बाहेर राहिलेल्याचे काहीतरी जाते. खासगी आणि सार्वजनिक यांतला हा फरक धोरणात लिहून ठेवायला हवा होता.

माझ्या मते पुढील गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. (ही मते वैयक्तिक आहेत, हे सांगणे न लगे.)

१. सवलत घेणाऱ्या प्रत्येक हेरिटेज हॉटेलने वर्षातील काही दिवस गावातील लोकांना आणि शाळांना वास्तू विनामूल्य दाखवावी.

२. घराचा इतिहास लिहिताना जमिनीचा आणि श्रमाचा इतिहास त्यात असावा. जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडून तो तपासून घ्यावा. कुंभकोणम्‌चे शासकीय महाविद्यालय १८५४ पासूनचे आहे. काम करणारे हात दूर शोधावे लागणार नाहीत.

३. नोकऱ्यांमध्ये त्याच गावाला प्राधान्य असावे, आणि ते केवळ बागेपुरते व स्वयंपाकघरापुरते नसावे. माळ्याची नात स्वागतकक्षात बसू शकेल इतके प्रशिक्षण सवलतीच्या करारातच लिहिता येते.

४. छत्रांसारख्या सरकारी वास्तू दुरुस्त करून मध्यम दराचे प्रवासी निवास म्हणून चालवाव्यात. महामहम् २०२८ मध्ये येत आहे. बारा वर्षांनी भरणाऱ्या या स्नानपर्वाला लाखो यात्रेकरू कुंभकोणम्‌ला येतील, आणि त्यांतले फार थोडे साडेसात हजारांच्या वरच्या खोलीत उतरतील.

यातल्या एकाही गोष्टीने हॉटेलवाल्याचा धंदा बुडणार नाही. उलट, मला वाटते, पूर्ण इतिहास ऐकलेला पाहुणा पुन्हा येतो.

निघताना आम्ही पुढच्या तिण्णैवर थोडा वेळ बसलो. जुन्या काळी ही ओटी वाटसरूला टेकण्यासाठी रस्त्याला लागून बांधत. सर्वांनाच तिथे बसता येत नसे, पण निदान ती रस्त्याकडे तोंड करून होती. आता तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये फाटक आणि पहारेकरी आहे. माळी पाण्याची नळी घेऊन समोरून गेले. मी त्यांना बसायला सांगितले. त्यांनी हसून व्यवस्थापकाच्या खोलीकडे पाहिले आणि उभ्यानेच आमचा निरोप घेतला.