दुकानाची खरी पत

आमच्या मातोश्रींना नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. पांढुर्णा-सौंसरची राजधानी १९५६ साली नागपूरहून भोपाळला गेली, शेर जाऊन किलो आला, २०२३ साली पांढुर्णा जिल्हाही झाला. मातोश्रींची नीती मात्र ढळली नाही. एकदा आमच्या काट्याच्या पासंगाने एका शेतकऱ्याची ज्वारी कमी भरल्याचे त्यांना कळले. त्यांनी ताट दूर सारले. आम्ही पैसे पोचवून परतलो, तो सूर्यास्त झालेला. त्यांना उपवास घडला. नातवंडांसमोर आम्ही मान खाली घातली. पाटी आमच्या नावाची, पत मात्र त्यांची! ही जमा खातेवहीत कोणी मांडत नाही. व्यापारी बंधूंनी ती मातेच्या हयातीतच मान्य करावी. आम्हांस उशीर झाला.