नशिराबादकरांनो, आज रात्री कॉम्प्युटरचा प्लग काढूनच झोपा



रोहिणी नक्षत्र लागलं आहे. दुपारी पारा ४४-४५ च्या घरात आणि संध्याकाळी अचानक वावटळ, धूळ, विजांचा कडकडाट. तिकडे रावेर-यावलकडं याच वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, इकडं आपली लाइट जाते, येते, पुन्हा जाते. रोहिणीपासून मृगापर्यंतचे हे पंधरा दिवस घरातल्या कॉम्प्युटरला वर्षातले सर्वांत वाईट. म्हणून हे आवाहन आजच करतो आहे: रात्री कॉम्प्युटर चालू ठेवून झोपू नका. स्लीपवर टाकूनही झोपू नका. नीट शट डाऊन करा आणि प्लग भिंतीतून बाहेर काढा. घराला कुलूप लावून लग्नाला निघालात तर तेच करा, आभाळ भरून आलं तरी तेच.

प्लग काढा म्हणतो, कारण भिंतीवरचं बटण पुरत नाही. ते बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलंच राहतं. जवळपास वीज पडली की तिचा झटका तारांवरून घरात शिरतो, आणि बटणातली दोन-तीन मिलिमीटरची फट त्याला फार मोठी नसते. दोन-तीनशे रुपयांचा स्पाइक गार्ड लहानसहान चढउतार सोसेल, विजेचा झटका नाही. इंटरनेटची तांब्याची वायर किंवा डिशची केबल घरात आली असेल तर तीही काढा. फायबर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण राऊटरचा अॅडॉप्टर आणि राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर नेते. यूपीएसचा प्लग काढलात तर त्याचं पुढचं बटणही बंद करा, नाहीतर तो बॅटरी संपेपर्यंत बोंबलत बसेल.

एक गोष्ट मात्र उलटी करू नका. वीज डोक्यावर कडाडत असताना प्लग काढायला धावू नका. तेव्हा वायर लावलेल्या कुठल्याही उपकरणाला हात लावणं माणसालाच धोक्याचं आहे. कॉम्प्युटर गेला तर जाऊ द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फुकट मिळतं, आपल्या आजूबाजूला २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात विजा पडत असतील तर ते आधी सांगतं. शिवारात जाणाऱ्यांनी ते घ्यायलाच हवं. घरात बसणाऱ्यालाही प्लग काढायची वेळ त्यावरून कळते.

वीज पडणं तरी क्वचितचं. खरा रोजचा त्रास डीपीपासून घरापर्यंतच्या तारांचा आहे. वाऱ्यानं न्यूट्रल तुटली किंवा ढिली झाली की २३० व्होल्टच्या घरात साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्टेज चढू शकतं. टीव्ही, फ्रिज, पंखे, कॉम्प्युटरची पॉवर सप्लाय एकाच फटक्यात जातात, आणि असं झालं की गल्लीतल्या दहा घरांतली उपकरणं एकदम जातात. लाइट परत येते तो क्षणही वाईट; सगळ्यांचे पंखे-कूलर एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली-वर नाचतं. म्हणून लाइट आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, मग प्लग लावा. दीपनगरच्या वीज केंद्रात ५००-५०० मेगावॉटचे संच आपल्या शेजारीच धगधगतात आणि आपण इथं मेणबत्ती शोधतो, हे दिव्याखालच्या अंधाराचं दुखणं जुनंच आहे. पण तारा कुणी केव्हा बदलेल ते आपल्या हातात नाही, प्लग आहे.

आता स्लीपबद्दल. बऱ्याच घरांत मुलं झाकण मिटतात किंवा स्लीप दाबतात आणि ‘बंद केला’ म्हणतात. तो बंद नसतो. स्लीपमध्ये चालू असलेलं सगळं काम मेमरीत राहतं आणि ती मेमरी जागी ठेवायला थोडा करंट सतत लागतो. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो निभावतो. टेबलावरच्या कॉम्प्युटरला नाही: लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं. निकालानंतर हाच अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा, सीईटीनंतरच्या प्रवेश अर्जांचा हंगाम असतो. स्कॅन केलेले दाखले, अर्धवट भरलेले फॉर्म, कुणाचा प्रकल्प अहवाल, हे सगळं उघडं ठेवून मुलगा जेवायला उठतो आणि तेवढ्यात लाइट जाते. म्हणून उठण्याआधी सेव्ह, मगच स्लीप. आणि स्लीप अर्ध्या-एक तासापुरती.

काम उघडं ठेवायचंच असेल तर ‘हायबरनेट’ आहे, पण विंडोजमध्ये तो बहुधा लपवलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथं ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथं जाऊन तो चालू करता येतो. यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. मग प्लग काढला तरी काम जिथल्या तिथं. त्याच पानावर ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण दिसेल. विंडोज ८ पासून शट डाऊन केलं तरी सिस्टिमचा काही भाग तसाच डिस्कवर जपून ठेवला जातो, तो या खुणेमुळं. कॉम्प्युटर विचित्र वागत असेल तर शट डाऊननं नव्हे, रीस्टार्टनं फरक पडतो, त्याचं कारण हेच. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, अपडेटही त्यातच होऊन जातील.

‘सारखं बंद-चालू केल्यानं कॉम्प्युटर खराब होतो’ असं अजूनही ऐकू येतं. जुन्या काळी त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या हार्ड डिस्क हजारो वेळा बंद-चालू होण्यासाठी बनवलेल्या असतात. एसएसडीत तर फिरणारा भागच नाही. उलट चालू ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पंखा रात्रभर धूळ ओढत राहतो. महामार्गाच्या कडेच्या घरांत कॅबिनेट उघडून पाहा, पंख्यावर धुळीचा थर सापडेल. त्यात उकाडा. यूपीएसची बॅटरी २५ अंशांच्या हिशेबानं बनवलेली असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला यूपीएस दोन उन्हाळ्यांत दम टाकतो, त्यात नवल नाही. निदान खोलीतली आणखी एक गरम वस्तू रात्री बंद ठेवा.

बिलाचं थोडक्यात. स्क्रीनसह टेबलावरचा कॉम्प्युटर नुसता चालू असला तरी ८० वॉटच्या आसपास खातो. दिवसाचे १६ तास तो उगाच चालू राहिला तर महिन्याला ३८ युनिट. ज्यांचं घर महिन्याला ९० युनिटांत भागतं, ते त्यानं १०० च्या वर जातं, आणि १०० च्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर जवळपास दुप्पट. स्लीपवर महिन्याला दोन-तीन युनिट. प्लग काढला की शून्य.

ज्यांना बंद ठेवता येतच नाही त्यांची गोष्ट वेगळी. दुकानाचा सीसीटीव्ही रेकॉर्डर रात्रीच तर कामाचा. अशांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं आणि मीटरजवळ चांगला सर्ज प्रोटेक्टर बसवावा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. त्या घरात लहान मूल असेल तर मृगाचीही वाट पाहू नका, उद्याच वायरमनला गाठा.

आज रात्री झोपण्याआधी तीन कामं करा: मुलांचे दाखले आणि फॉर्म एका पेनड्राइव्हवर घ्या, कॉम्प्युटर शट डाऊन करा, प्लग आणि केबल काढा. आणि शेजारी आजी-आजोबा एकटे राहत असतील, नातू पुण्याला आणि त्याचा कॉम्प्युटर इथं खोलीत चालूच असेल, तर तेवढा त्यांचाही प्लग काढून द्या.