फॉरमॅट मारा!

आमचा संगणक हल्ली सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. शेजारचे अण्णा म्हणाले, "व्हायरस!" दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारा!" डोकं दुखतंय म्हणून मुंडण! अहो, त्या डिस्कवर आमच्या आईचा आवाज आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ती तबकडी. एखादी जागा खराब झाली की बिचारी तेच तेच पुन्हा वाचू पाहते, म्हणून रखडते. म्हातारी धापा टाकतेय, आणि हे तिला पळायला सांगताहेत! आधी नक्कल काढावी, मग केबल सैल आहे का बघावं, डिस्कची स्वतःची 'स्मार्ट' नोंद वाचावी. फॉरमॅट कसलं मारताय? मी परवापासून नक्कल काढतोय. आईची फाइल अजून आलेली नाही. अण्णा रोज खिडकीतून विचारतात, "मारलं का?"