पेन्सिल खाणे ही ‘खोड’ नाही, रक्तक्षयाची खूण आहे

पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजलेली माती... अनेक मुली आणि गर्भवती महिला हे गुपचूप खातात. घरात ‘खोड’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. प्रत्यक्षात अशी ओढ बहुतेकदा लोहाच्या कमतरतेतून येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे.

चुनखडीच्या पेन्सिलीत कॅल्शियम कार्बोनेट असते. ते रोज भरपूर पोटात गेले की रक्तातील कॅल्शियम वाढते, शरीरातील पाणी घटते आणि किडनी अचानक निकामी होऊ शकते. सतत तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, सुस्ती दिसली तर डॉक्टरांना ही सवय स्पष्ट सांगा. लाजेपोटी लपवली तर निदान चुकते. वेळेत उपचार मिळाले तर किडनी बहुधा सावरते.

तरीही ऑनलाइन बाजारात या पेन्सिली खाणाऱ्यांसाठी खुशाल विकल्या जातात. त्यावर अंकुश हवाच.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. मुलीला दरडावणे म्हणजे कारणाकडे पाठ फिरवणे. २०१८ पासून ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ अभियान आहे. लोहाच्या गोळ्या मोफत मिळायला हव्यात. आपल्या वस्तीत त्या पोहोचतात का, हे तरुणांनी तपासावे. विहारात हिमोग्लोबिन तपासणी शिबिर घ्यावे.