जझरीचा अभिमान आणि पोराच्या हातातला पेचकस

दरवर्षी ११ नोव्हेंबरला, मौलाना आझाद जयंतीच्या सभांमध्ये एक भाषण हमखास होतं. बीजगणित आपण दिलं, प्रकाशशास्त्र आपण दिलं, रोबोट तर आठशे वर्षांपूर्वीच आपल्या अल-जझरीने बनवला. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारा बाप घरी येतो, पोरगा जुना रेडिओ उघडून बसलेला दिसतो आणि तो ओरडतो, "मेकॅनिक बनना है क्या? किताब उठा!"

हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

ज्या जझरीचे गोडवे आपण गातो, तो कोण होता? दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला यंत्र बनवणारा माणूस. आपल्या यंत्रांचं पुस्तक त्याने १२०६ मध्ये पूर्ण केलं. पाणी उपसायची यंत्रं, राजाच्या वुजूसाठी आपोआप पाणी ओतणारी बाहुली, हत्तीचं घड्याळ. त्यात मापं आहेत, आकृत्या आहेत, काय कशाला जोडायचं ते आहे. म्हणजे स्वतःच्या हातांनी धातू कापणारा, डाग देणारा, पाणी गळलं की पुन्हा बसवणारा हा माणूस होता. आजच्या भाषेत मिस्त्री. त्याच्या हत्तीच्या घड्याळात भोक पाडलेलं भांडं पाण्यात हळूहळू बुडतं आणि त्यावर वेळ मोजली जाते. मराठी लग्नांत मुहूर्तासाठी जे घटिकापात्र ठेवत, तेच तत्त्व. आपल्या मोहल्ल्यात जझरी आज जन्मला असता तर दहावीनंतर त्याला नीटच्या क्लासला बसवलं असतं आणि हत्यारांची पेटी भंगारात गेली असती.

या लाजेचं मूळ मला ठाऊक आहे. सोशल मीडियावर मुसलमानाला 'पंक्चरवाला' म्हणून हिणवलं जातं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने नोंदवलं होतं की मुसलमानांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, यंत्रमाग, वेल्डिंग, शिलाई, वायरिंग यांवर आपली घरं चालली. हिणवणाऱ्याचा उद्देश उघड आहे. दुःख याचं की आपण ती शिवी मान्य केली. 'आम्ही पंक्चरवाले नाही, आमच्यातही डॉक्टर आहेत' असं उत्तर देताना आपण पंक्चर काढणाऱ्या चाचांना खाली ढकललं. खरं उत्तर असं हवं होतं: हो, हातात हुनर आहे, आणि आता त्याच हातात मायक्रोकंट्रोलरही येणार आहे.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून एक ठोस गोष्ट मांडतो. मी गॅलरीत मासे पाळतो आणि त्यांच्या पाण्यावर पुदिना, पालक घेतो. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. तो त्यांच्यासाठी विष. खडीच्या वाफ्यात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडांचं खाद्य. झाडं ते पितात, पाणी निवळून माशांकडे परत येतं. जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सबुरी हवी. ती कुठल्याही कोडने आणता येत नाही.

याला इलेक्ट्रॉनिक्स जोडायला काही शे रुपयांचा बोर्ड पुरतो. तापमानासाठी पाण्यात बुडवता येणारा सेन्सर, पातळीसाठी फ्लोट स्विच, पंपासाठी रिले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं. एवढ्याशा संसारात रसायनशास्त्र, जीवशास्त्र, वीज आणि प्रोग्रॅमिंग एकत्र बसतात. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. हे वाक्य पुस्तकात वाचलेला मुलगा परीक्षेनंतर विसरतो. स्वतःच्या बोर्डवर ३३ अंशांचा आकडा आणि पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकणारा मासा एकदम पाहिलेला मुलगा जन्मभर विसरत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप दीनदार मंडळींचा: हा इसराफ आहे, वेळेची आणि पैशाची उधळपट्टी. मी विचारतो, लग्नाच्या हॉलवर, रोषणाईवर, डीजेवर जातं ते काय? आणि समोर वाहती नदी असली तरी वुजूला पाणी उधळू नये, ही शिकवण ज्यांना मिळाली त्यांना तर हा शौक जवळचा वाटायला हवा. इथे तेच पाणी फिरत राहतं; उडालेलं आणि झाडांनी प्यालेलं तेवढंच भरायचं.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: याने करिअर होत नाही. मान्य, गॅलरीतल्या पालकाने कुणाचं पोट भरणार नाही, आणि तसं स्वप्न विकणाऱ्यांपासून लांबच राहा. पण हजारो रुपयांची फी भरून इंजिनिअर झालेली आणि मल्टिमीटर धरता न येणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या मुलाखती कुठे अडतात ते त्यांना विचारा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: यंत्राच्या नादात मुके जीव मरतात. हे खरं आहे. मासे म्हणजे शोभेचे एलईडी आहेत असं समजणारे शौकीन आहेत. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो; काचेच्या टाकीत कोंडलेला मासा त्याहून वेगळा नाही. तो अमानत आहे. म्हणूनच चांगली जोडणी ही इथे नैतिक बाब होते. वीज गेली तर काय, हा प्रश्न आधी, मोबाइलवरचा आलेख नंतर. २३० व्होल्ट कॉइलचा साधा रिले घ्या. वीज असेतो तो ओढलेला राहतो. वीज गेली की सुटतो आणि त्याच्या नॉर्मली क्लोज्ड टोकावरून बॅटरीवरचा एअर पंप सुरू होतो. यात कोड नाही, इंटरनेट नाही, तरी मध्यरात्री मासे जगतात. उघडं तांबं पाण्यात जाऊ देऊ नका, ते माशांना घातक. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जाऊ द्या. माणसांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अमोनिया मात्र थेंबांच्या किटनेच मोजा आणि रोज स्वतःच्या डोळ्यांनी टाकीकडे बघा. यंत्र चौकीदार आहे, मालक नाही. जबाबदारी अशी शिकवणारा दुसरा अभ्यासक्रम मला दाखवा.

आणि हे फक्त पोरांसाठी नाही. शिलाई मशीनचं टेन्शन कानाने ओळखून बसवणारी अम्मी तंत्रज्ञच आहे. तिला तसं कुणी म्हटलं नाही, एवढंच. तिच्या मुलीला सोल्डरिंग आयर्न दिलं तर घराण्याची इज्जत जाणार नाही.

म्हणून अंजुमनच्या, शाळांच्या आणि मशीद कमिट्यांच्या जबाबदार मंडळींना माझं थेट म्हणणं आहे. पुढच्या जलशाला एक वक्ता कमी बोलवा. त्या पैशांत एका खोलीत एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न, चार बोर्ड, एक मल्टिमीटर आणि एक मोठं पिंप ठेवा. मोहल्ल्यातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या बुजुर्गाला बोलवा, खुर्ची द्या आणि 'उस्ताद' म्हणा. मोबदलाही द्या, इज्जतीची भाषा फुकट कामासाठी वापरायची नसते. रविवारी दोन तास मुलामुलींना तिथे सोडा. काही जोडण्या जळतील, काही पालक पिवळा पडेल. पडू द्या.

जझरीने आपल्या यंत्रांची मापं लिहून ठेवली ती पुढच्याने ती बनवावीत म्हणून. आठशे वर्षांत आपण त्याच्यासाठी टाळ्या खूप वाजवल्या. ते हात आता दुसऱ्या कामाला लागू देत.