पाहुण्याला आवरायला वेळ द्या

आमच्या शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये विंडोज 98 ची जुनी मशिनं होती. तास संपला की शटडाउन करायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. थोड्या वेळानं काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, की आता कम्प्युटर बंद करायला हरकत नाही. त्यानंतरच कॅबिनेटच्या बटणाला हात लावायचा. आधी लावला तर पुढच्या तासाला नुसतं दुसऱ्यांचं काम बघत बसायची शिक्षा असायची.

त्या पडद्याचा अर्थ मला इंजिनिअरिंगची डिग्री घेऊनही कळला नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिम बंद होणं आणि मशिनची वीज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पुरी झाल्यावर दुसरी करायची असते. 1995-96 च्या सुमारास एटीएक्स पॉवर सप्लाय आणि एसीपीआय ही मानकं आली, ऑपरेटिंग सिस्टिमला स्वतःच वीज तोडता येऊ लागली आणि नारिंगी अक्षरं हळूहळू दिसेनाशी झाली. सोय झाली, वादच नाही. पण या दोन पायऱ्या आहेत हेही आपण त्या अक्षरांबरोबर विसरलो. बटण दाबलं की बंद, एवढंच डोक्यात उरलं.

हे विसरणं महाग पडतं ते व्हर्च्युअल मशिनमध्ये. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका खऱ्या कम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा कम्प्युटर असतो. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते. बाहेरच्याला म्हणतात होस्ट, आतल्याला गेस्ट. म्हणजे यजमान आणि पाहुणा. हे प्रकरण नवं नाही. आयबीएमनं 1972 मध्ये व्हीएम/370 जाहीर केली, तेव्हापासून एका मशिनच्या पोटात अनेक मशिनं नांदतायत. तुम्ही फोनवरून ज्या वेबसाइट्स उघडता त्यातल्या कितीतरी अशाच पाहुण्यांच्या जिवावर चालतात.

आता या पाहुण्याला बंद करायचंय आणि यजमानाला हात लावायचा नाहीये. रस्ते दोन. पहिल्यात तुम्ही पाहुण्याला कळवता की निघायची वेळ झाली. तो चालू प्रोग्राम्सना निरोप देतो, ते आपापलं काम संपवतात, मेमरीतलं डिस्कवर उतरतं, मग तो स्वतःहून थांबतो. दुसऱ्यात तुम्ही थेट त्याची वीज तोडता. व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद करायला गेलात तर हे दोन्ही पर्याय एकाखाली एक दिसतात, एक शटडाउनचा निरोप धाडणारा आणि दुसरा पॉवर ऑफ. व्हीएमवेअरमध्ये ‘शट डाउन गेस्ट’ आणि ‘पॉवर ऑफ’ असे दोन शब्द आहेत. लिनक्सवरच्या विर्श या साधनात पहिल्याला ‘शटडाउन’ आणि दुसऱ्याला ‘डिस्ट्रॉय’ म्हणतात. नावाप्रमाणे ते काही नष्ट करत नाही, फाइल्स जागच्या जागी राहतात. पण वीज तोडण्याला डिस्ट्रॉय म्हणणाऱ्यानं निदान खोटं तरी बोललेलं नाही, हे मला एका संध्याकाळी कळलं.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा सर्व्हर आम्ही सांभाळायचो. एका मशिनवर तीन पाहुणे होते. त्यातल्या एकावर पिग्मीच्या नोंदी असायच्या. एजंट दिवसभर दुकानादुकानांतून पन्नास-शंभर रुपये गोळा करायचे आणि संध्याकाळी भरणा करायचे. त्या पाहुण्याची मेमरी वाढवायची होती, त्यासाठी तो बंद करणं भाग होतं. बाकीचे दोघे चालू राहायला हवे होते.

मी विर्श शटडाउन दिलं. उत्तर लगेच आलं, की बंद होतोय. दोन मिनिटं झाली तरी तो चालूच. शेजारी बसलेला सीनिअर म्हणाला, “अगं, डिस्ट्रॉय मार ना. परत चालू होईल.” मी मारलं. परत चालूही झाला.

रात्री साडेआठला पतसंस्थेच्या क्लार्ककाकांचा फोन आला. “मॅडम, आजचा भरणा उघडत नाही.” टेबल खराब झालं होतं. दुरुस्त केल्यावर उघडलं, पण त्यातल्या नोंदी गायब होत्या. बॅकअप आदल्या रात्रीचा. काकांनी आणि एका एजंटनं पावत्यांची स्थळप्रत समोर ठेवून तीनशेच्या वर नोंदी पुन्हा चढवल्या. रात्रीचा दीड वाजला. दुसऱ्या दिवशी काकांनी मलाच धीर दिला, “होतं असं, मॅडम. कम्प्युटरच तो.”

कम्प्युटर नव्हता तो. मी होते. हे मी त्या वेळी त्यांना सांगितलं नाही, याची लाज मला नोंदी गेल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

काय झालं होतं ते नंतर उलगडलं. पाहुणा सेंटओएस 6 वर होता, अगदी मोजकी पॅकेजं टाकून बसवलेला. बाहेरून आलेला शटडाउनचा निरोप ऐकणारा एसीपीआय-डी नावाचा प्रोग्राम त्यात नव्हताच. म्हणजे मी दार वाजवत होते आणि आत ऐकणारं कुणी नव्हतं. ‘बंद होतोय’ या उत्तराचा अर्थ फक्त निरोप धाडला एवढाच होता. त्यातला मायएसक्यूएल 5.1 होता. त्या आवृत्तीत टेबल आपोआप मायआयसॅम प्रकारचं बनायचं, आणि मध्येच वीज गेली तर सावरण्याची सोय त्या प्रकारात नाही. शिवाय लिनक्स लिहिलेली प्रत्येक गोष्ट लगेच डिस्कवर टाकत नाही. प्रोग्रामनं मुद्दाम आग्रह धरला नाही तर नेहमीच्या सेटिंगमध्ये ती तीसेक सेकंद मेमरीत पडून राहू शकते. पाहुण्याची वीज तोडली की त्याची मेमरी गेली, आणि तिच्यासोबत त्या तीस सेकंदांतलं सगळं.

उपाय काय होता? त्या पाहुण्यात लॉगिन करून आतून शटडाउनची कमांड देणं. एक ओळ. मला ती येत होती, सीनिअरला माझ्यापेक्षा चांगली येत होती. आम्ही दिली नाही, कारण बाहेरून तोडायची सवय लागली होती आणि तोपर्यंत तिचं बिल आमच्याकडे कधी आलं नव्हतं.

माझं भांडण या सवयीशी आहे. मी जिथे जिथे काम केलं तिथे सिस्टिम चालू करण्याचं कौतुक होतं. ती किती सेकंदांत उभी राहते याचे आलेख असतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला बूटिंगची प्रक्रिया मी आकृतीसह दोनदा लिहिली. बंद होण्याची प्रक्रिया मला परीक्षेत कुणी विचारली नाही, इंटरव्ह्यूमध्येही नाही. बंद करणं हे काम आहे असं कुणाला वाटतच नाही, ते कामाच्या शेवटी झटकून टाकायचं काहीतरी असतं.

यावर मला ऐकवला जाणारा पहिला मुद्दा असा, की चांगलं सॉफ्टवेअर वीज गेली तरी टिकलं पाहिजे. जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी 2003 मध्ये ‘क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर’ हा विचार मांडला. बंद करायचं म्हणजे क्रॅशच करायचं आणि चालू करायचं म्हणजे त्यातून सावरायचं, असं धरूनच प्रोग्राम लिहा. विचार उत्तम आहे. तुमचा फोन बऱ्याच अंशी याच विश्वासावर चालतो. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेलं अ‍ॅप न विचारता मारून टाकतं, आणि नीट लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये तुमचा अर्धवट मेसेज तरीही शिल्लक असतो. पण तो शिल्लक असतो कारण अ‍ॅप पडद्याआड जाताना ते जपून ठेवण्याचा कोड कुणीतरी आधी लिहिलेला असतो. आवरण्याचं काम तिथे रद्द झालेलं नाही, अलीकडे आणलंय. आम्ही त्या विचारातलं ‘क्रॅश’ तेवढं उचललं आणि उरलेलं लिहायला विसरलो. पोस्टग्रेस तोडला तरी बहुधा सावरतो, म्हणून त्याच पाहुण्यात चालणारी, कुणीतरी घाईत लिहिलेली स्क्रिप्टही सावरेल असं नसतं. आणि वीज तोडणाऱ्याला आत काय काय चालू आहे याची यादी क्वचितच ठाऊक असते.

दुसरा मुद्दा गुरांचा. क्लाउडच्या जगात म्हणतात, सर्व्हरना घरच्या कुत्र्या-मांजरासारखं लाडानं नाव देऊन सांभाळू नका, गुरांसारखं वागवा. एक गेलं तर दुसरं आणा. ही उपमा पहिल्यांदा ट्रेनिंगमध्ये ऐकली तेव्हा मला माझ्या आजोबांचा गोठा आठवला. तिथल्या प्रत्येक बैलाला नाव होतं, पोळ्याला शिंगं रंगवली जायची, आणि म्हातारा बैल विकायची वेळ आली तेव्हा आजोबा दोन दिवस धड जेवले नव्हते. गुरं म्हणजे बेवारस हे समीकरण ज्यानं मांडलं त्याचं शेत वेगळं असणार. सर्व्हरवर माया करा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या पोटात माणसांचा हिशेब आहे, एवढी आठवण ठेवा.

तिसरा मुद्दा खरा आहे. काही पाहुणे अडूनच बसतात. कितीही निरोप द्या, हलत नाहीत. तेव्हा वीज तोडावीच लागते, मीही तोडते. प्रश्न त्याआधी किती थांबलो याचा आहे. सिस्टिम-डी मूळ सेटिंगमध्ये सर्व्हिसला आवरायला 90 सेकंद देते. कुबरनेटिस 30 सेकंद देतं, डॉकर 10. ॲमेझॉनचं स्वस्तातलं स्पॉट मशिन काढून घ्यायचं असेल तर दोन मिनिटं आधी सूचना येते. म्हणजे यंत्रांनीसुद्धा आधी विचारायचं, थोडं थांबायचं आणि मगच मारायचं असा क्रम पाळलाय. हे आकडे तुमच्या डेटाबेसला पुरतात का, हे तुम्ही कधी मोजलंय? मी त्या संध्याकाळपर्यंत मोजलं नव्हतं.

चुकीच्या खिडकीत शटडाउन टाइप करून पाहुण्याऐवजी यजमानच झोपवण्याचा पराक्रमही अनेकांच्या नावावर असतो. त्यावर डेबियनमध्ये मॉली-गार्ड नावाचं छोटं पॅकेज आहे. दूरच्या मशिनवर शटडाउन दिलंत की ते आधी त्या मशिनचं नाव लिहायला सांगतं. हे नाव आलं ते एका प्रोग्रामरच्या लहान मुलीवरून. जार्गन फाइल या जुन्या शब्दसंग्रहातल्या नोंदीप्रमाणे तिनं एकाच दिवसात दोनदा आयबीएमच्या मोठ्या मशिनचं लाल बटण दाबलं, म्हणून त्यावर पारदर्शक झाकण बसवावं लागलं. लहान मुलीसाठी केलेलं झाकण पगारदार इंजिनिअरांना लागतं, यात मला अपमान वाटत नाही. ते माझ्या प्रत्येक मशिनवर आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पाहुणा उभा केला त्याच दिवशी तो नीट बंद होतो का हे एकदा करून बघा. बाहेरून दिलेला निरोप आत पोचतो का ते तपासा. नाही पोचला तर आत जाऊन सांगा. ‘बंद होतोय’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका, बंद झाल्याचं डोळ्यांनी बघा. वीज तोडलीच तर कुणी, कधी, का तोडली हे लिहून ठेवा आणि ज्यांचा डेटा आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. ही शेवटची मागणी तंत्राची नाही, म्हणून तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

त्या कंपनीतून मी दीड वर्षानं निघाले. निघायच्या आठवड्यात क्लार्ककाकांना फोन करून त्या रात्रीचं खरं कारण सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे तेव्हा दोन मिनिटं अजून थांबायला हवं होतं का?”

“नाही काका,” मी म्हटलं. “नुसतं थांबून काही झालं नसतं. आत जाऊन सांगायला हवं होतं.”